फुसका बार

गेल्या हिवाळ्यातील एका रविवारी सकाळी अमेरिकेतून एका माजी विद्यार्थ्याचा फोन आला. वीस वर्षांपूर्वी तो आमच्या मुरगूडला अकरावी-बारावीत माझ्या मराठीच्या वर्गात होता. पुढे अभियंता झाला, परदेशी गेला. अधूनमधून फोन करतो. बोलणे बहुधा पावसापाण्याचे, वेदगंगेला पूर आला का, उसाला दर काय मिळाला, असे. या वेळी मात्र त्याने वेगळाच विषय काढला. त्याला लक्ष्यभेदाचा छंद लागला आहे. तिकडचे हौशी नेमबाज काडतुसे विकत घेतातच, पण पुष्कळजण ती घरी स्वतःच्या हाताने भरतात. झाडलेल्या काडतुसाचे पितळी कवच पुन्हा साफ करायचे, त्याला नवी टोपी बसवायची, तोलून दारू घालायची आणि वर गोळी दाबून बसवायची. दारू किती घातली म्हणजे वेग किती मिळेल, याची छापील पुस्तके असतात. पुस्तकाप्रमाणे त्याच्या गोळीचा वेग सेकंदाला 2800 फूट यायला हवा होता. त्याचे वेगमापक यंत्र 2600 च्या आसपासच अडकले होते.

"सर, सगळं पुस्तकाप्रमाणे केलंय. तरी गोळी मंद जाते. याला मराठीत काय म्हणायचं?"

मी क्षणाचाही विचार न करता म्हणालो, "फुसका बार."

तो मोठ्याने हसला. "वाटलंच मला, तुम्ही हेच म्हणणार!" त्या हसण्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही. तो पुढे येईलच.

फोन ठेवल्यावर तो शब्द मनात घोळत राहिला. आपल्या भाषेत बंदुकीची आणि तोफेची केवढी दारू साठलेली आहे! आपण वर्गात अभ्यासक्रम ठासून शिकवतो, सभेत विरोधकांवर तोफ डागतो, भांडणाला बत्ती देतो. ज्या गोलंदाजाचे एकेकाळी तोफेशी नाते होते, तो आता क्रिकेटच्या मैदानात चेंडू टाकतो. तोफा गेल्या, शब्द उरले. या सगळ्यांत 'फुसका बार' हा मला सर्वांत क्रूर शब्द वाटतो. कारण तो दोष सांगतो, पण दोष कशात आहे ते सांगत नाही. दारू ओली होती, डट्टा सैल होता, की नळीच झिजली होती, याची चौकशी या शब्दात नाही. ज्याच्या हातात बंदूक, त्याच्याच नावावर हा शब्द लागतो. आमच्या घरात तो असाच एका माणसाच्या नावावर लागला होता.

मुरगूडहून राधानगरीकडे जाणाऱ्या रस्त्याने पश्चिमेला निघाले की ऊस विरळ होत जातो आणि डोंगर जवळ येतात. त्या बाजूच्या एका लहान गावात आमचे मूळ घर. दाजीपूरचे जंगल 1958 साली अभयारण्य झाले. जंगलाच्या कडेच्या गावांना गवे आणि रानडुकरे यांचा शेजार पूर्वीपासूनच होता. आबांकडे, म्हणजे माझ्या आजोबांकडे, पीकसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती. 1959 च्या शस्त्र कायद्यात अशा कामासाठी ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे. 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकारीवर निर्बंध आले होते. आबा रात्री माळ्यावरून आकाशाकडे बार काढत, तेवढ्याने कळप वळत असे.

ठासणीच्या बंदुकीचा प्रत्येक बार हातानेच भरावा लागतो. नळीच्या तोंडातून काळी दारू ओतायची, तीवर काथ्याचा बोळा गजाने ठासायचा, मग शिशाची गोळी, आणि ती घरंगळू नये म्हणून वर पुन्हा बोळा. मागच्या बाजूला नळीत उघडणारे एक बारीक भोक असते. त्याला कान म्हणायचे. त्याच्या तोंडावर तांब्याची टोपी बसवायची. घोडा टोपीवर आपटला की ठिणगी कानातून आत जाते आणि दारू पेटते. अमेरिकेतला माझा विद्यार्थी आज तोलकाट्यावर जे करतो, तेच आबा शिंगाच्या बुचाने मापून करत असत. दोघांच्या दारूत मात्र जमीनअस्मानाचा फरक आहे. एकीचे माप दुसरीला लावले तर नळी फुटेल.

दरवर्षी मृग निघण्याआधी आबा एकदा नेम पाहत. घरामागच्या करंजाच्या झाडाला तेलाचा रिकामा डबा टांगायचा आणि चाळीस पावलांवरून बार काढायचा. हे एक घरगुती पर्वच असे. 1990 च्या जूनमध्ये मी बारा वर्षांचा होतो. त्या दिवशी घोडा पडला, पण नेहमीचा छातीत घुमणारा आवाज आलाच नाही. फस्स करून पांढरा धूर निघाला आणि गोळी डब्याच्या हातभर खाली, झाडाच्या बुंध्याशी मातीत गेली. आबांनी नळी पुसली, पुन्हा भरली. पुन्हा तसेच.

धाकटे काका हसत म्हणाले, "आबा, बार फुसका गेला. डोळं दमलं आता तुमचं."

आबा काही वेळ बंदुकीकडे आणि मग स्वतःच्या तळहाताकडे बघत राहिले. म्हणाले, "व्हय बाबा. नजर गेली म्हनायची."

बंदूक खुंटीला लागली. परवाना आबांच्या नावाचा, त्यामुळे दुसऱ्या कोणी ती हाती धरायची नव्हती. राखणीला काका पत्र्याचे डबे आणि फटाके घेऊन जाऊ लागले. पण बंदुकीबरोबर आबांनी आणखीही बरेच काही खुंटीला लावले. श्रावणात ते पोथी वाचत. त्या वर्षी त्यांनी पोथी माझ्या हातात दिली, "तू वाच, मला आता दिसत न्हाई." लांबचा डबा चुकला म्हणून जवळची पोथी का सोडायची, हे त्यांना कोणी विचारले नाही. ओढ्यापलीकडच्या बांधावरून कोण येते आहे, हे ते ओट्यावर बसून सदऱ्याच्या पट्ट्यांवरून अचूक सांगत, हेही कोणाच्या लक्षात आले नाही. आणि सर्वांत उघड गोष्ट तर अशी, की नजर गेलेल्या माणसाच्या बंदुकीचा आवाज कमी होत नसतो. आंधळ्याने चाप ओढला तरी बार तितक्याच जोरात उडतो. तो फस्स आवाज आम्ही सर्वांनी ऐकला होता. कारण त्या आवाजातच होते. आम्ही ते माणसात शोधले.

एक गोष्ट मात्र मला ठाऊक होती आणि मी ती सांगितली नव्हती. नेम पाहण्याच्या चारेक दिवस आधी आबांनी दारूचे शिंग उन्हातून उचलून आत ठेवायला मला सांगितले होते. मी ते वळचणीला ठेवून खेळायला गेलो आणि विसरलो. त्या रात्री वळिवाची सर आली. सकाळी शिंग कोरडे दिसले, म्हणून मी ते गुपचूप जागेवर नेऊन टांगले. बूच नीट बसले होते की नाही, हे मी पाहिले नव्हते. काळी दारू दमट हवेने सर्दावते. पेटते, पण मंद पेटते, हे मी पुढे वाचले. डबा चुकला तेव्हा मला हे माहीत नव्हते. पण काहीतरी चुकले आहे आणि त्यात आपला हात आहे, एवढे बारा वर्षांच्या मुलाला कळते. मी पोथी वाचत राहिलो.

1993 च्या अखेरीस आबा गेले. बंदूक जमा करायची होती. जमा करण्यापूर्वी ती रिकामी असल्याची खात्री करायला वडिलांनी शेजारच्या हवालदार तात्यांना बोलावले. तात्यांनी लष्करात शस्त्रदुरुस्तीचे काम केलेले. त्यांनी आधी नळीत गज घालून आत बार नसल्याचे पाहिले. मग मागचा भाग उलगडला, कानात बारीक तार घातली आणि ती सैल फिरताना बघून म्हणाले, "कान खाल्लाय की हो हा. बार उडाला की निम्मा जोर इथनंच माघारी जात असनार." वर्षानुवर्षांच्या ठिणग्यांनी आणि गंजाने ते भोक रुंद झाले होते. दारूचा जो वायू गोळीला पुढे ढकलणार, त्यातला मोठा वाटा मागून निसटत होता.

मला हायसे वाटले, हे कबूल करायला हवे. दोष कानाचा होता, माझा नव्हता! पण त्याच धीराने मी तात्यांना शिंगाची गोष्ट सांगितली. साडेतीन वर्षांत पहिल्यांदा. ते हसले नाहीत की रागावले नाहीत. म्हणाले, "दोन्ही असंल. आनी त्या साली दारू कुठनं आनलेली?" वडिलांना आठवले, नेहमीचा विक्रेता बंद झाला होता, त्या वर्षी दारू दुसरीकडून आणली होती. शिवाय 1989 च्या नोव्हेंबरात लोकसभेची आणि 1990 च्या फेब्रुवारीत विधानसभेची निवडणूक झाली, तेव्हा बंदूक दोनदा ठाण्यात जमा होऊन परत आली होती. म्हणजे एका वर्षात इतक्या गोष्टी बदलल्या होत्या. तात्या म्हणाले, "एकेक करून बघायचं असतंय. जुनी दारू घालून बघायची, कान बदलून बघायचा. तुमी काय केलासा? मानूस बदललासा."

या वाक्याला आज तीस वर्षे उलटून गेली. ते मी विसरलो नाही, पण त्याचा अर्थ मला पुरता कळला होता, असेही म्हणवत नाही.

बार फुसका आहे हे ठरवायचे तरी कशावरून? अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत गोळीचा वेग कोणालाच खात्रीने मोजता येत नव्हता. 1742 साली बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने तोफविद्येच्या नव्या तत्त्वांवरचे आपले पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात त्याने एक साधी युक्ती मांडली. जड लंबक टांगायचा, त्यावर गोळी झाडायची आणि लंबक किती मागे गेला यावरून वेग काढायचा. या लंबकामुळे हेही उघड झाले की हवेचा विरोध तोपर्यंतच्या समजुतीपेक्षा कितीतरी मोठा आहे. ऑयलरसारख्या गणितज्ञाने हा ग्रंथ 1745 मध्ये स्वतःच्या टिपांसह जर्मनमध्ये नेला. रॉबिन्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत हिंदुस्थानात आला आणि 1751 साली मद्रासच्या दक्षिणेला, कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिड येथे वारला.

त्यानंतर चाळीस वर्षांनी, आपल्या सीमेपलीकडच्या धारवाडला परशुरामभाऊ पटवर्धनांच्या फौजेचा वेढा पडला होता. 1790-91 ची ही गोष्ट. सोबत कॅप्टन लिटलची इंग्रज तुकडी होती, आणि तिच्यातल्या एडवर्ड मूर या अधिकाऱ्याने 1794 साली त्या मोहिमेचा वृत्तांत छापला. मराठ्यांचे गोलंदाज तोफ भरतात, मग अर्धा तास गप्पा मारत, धूम्रपान करत बसतात, मग ती डागतात, आणि समोर धुरळा पुष्कळ उडाला की समाधान पावतात, असे त्याचे वर्णन आहे. हे वर्णन इतिहासाच्या पुस्तकांतून पुष्कळ फिरले. त्यातला धुरळा मला महत्त्वाचा वाटतो. मोजमाप हाताशी नसले की माणूस धुरळ्यावरून आणि आवाजावरून न्याय करतो. पण मूरच्या वर्णनाचा वाचकावर होणारा परिणामही पाहण्यासारखा आहे. वेढा महिनोन्महिने लांबला, त्याला कारणे अनेक असणार. वाचकाच्या स्मरणात मात्र उरतो तो गप्पा मारणारा गोलंदाज. इतिहासातही माणूस बदलणे सर्वांत सोपे असते.

वेगातला थोडासा फरक नेमाचे काय करतो, हे आपल्या जिल्ह्याला आता सांगायला नको. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवले. त्या दिवशी मुरगूडच्या चहाच्या टपऱ्यांवरही दशांश गुणांची चर्चा चालली होती. त्या लक्ष्यावरचे दहाचे वर्तुळ अवघे 10.4 मिलिमीटर व्यासाचे असते. या नेमबाजांची .22 ची काडतुसे हाताने भरता येत नाहीत, ती कारखान्यातूनच येतात. म्हणून नेमबाज वेगवेगळ्या उत्पादन-तुकड्यांतली काडतुसे स्वतःच्या रायफलीतून झाडून पाहतात आणि जुळेल ती तुकडी निवडतात. मी एकदा कागदावर हिशेब मांडला. गोळीचा वेग सेकंदाला 325 मीटर धरला आणि हवेचा विरोध सोडून दिला, तर 50 मीटर जाईपर्यंत ती सुमारे साडेअकरा सेंटीमीटर खाली येते. वेग पाच टक्क्यांनी घटला तर आणखी सव्वा सेंटीमीटर. म्हणजे हात तोच, नजर तीच, श्वास तोच, आणि दहाचा नऊ झाला. बघणाऱ्याला वाटणार, पोरगा गडबडला.

पंधरा दिवसांनी विद्यार्थ्याचा पुन्हा फोन आला. त्याने कसा शोध घेतला ते तो सांगत होता, आणि मी मनात तात्यांचे वाक्य त्याच्या शेजारी ठेवून ऐकत होतो. त्याने आधी दारूवर संशय घेतला नाही, यंत्रावर घेतला. प्रकाशाच्या दोन पडद्यांमधून गोळी जायला लागणारा वेळ ते मोजते. नळीच्या तोंडाला फार जवळ ठेवले तर धुराच्या लोटाने ते फसते. त्याने ते लांब सरकवले, आकड्यांतली धरसोड थांबली. मग त्याने कारखान्यात भरलेली काडतुसे त्याच रायफलीतून झाडली. त्यांचाही वेग खोक्यावर छापल्यापेक्षा कमीच आला. याचा अर्थ, दोष फक्त त्याच्या हाताचा नव्हता. मग त्याने पुस्तकातली बारीक अक्षरे वाचली. पुस्तकातला वेग 26 इंच नळीतून मोजलेला होता, आणि त्याची नळी होती 20 इंचांची. नळीचा एक इंच कमी झाला की सेकंदाला साधारण वीस-पंचवीस फूट वेग जातो, असा ढोबळ ठोकताळा आहे. दोनशे फुटांपैकी बहुतेक तिथेच गेले होते. उरलेले थोडे थंडीने आणि दारूच्या नव्या तुकडीने खाल्ले असावे. कवच वेगळ्या कंपनीचे असले, आतून थोडे ऐसपैस असले, तरी दाब उतरतो. तेही त्याने एकेक बदलून पाहिले.

"मग दारू थोडी वाढवायची की," मी अडाण्यासारखे म्हणालो.

"तेच करायचं नाही, सर." त्याचा स्वर बदलला. "वेग कमी दिसला म्हणून दारू वाढवत न्यायची आणि पुस्तकातली मर्यादा ओलांडायची, यात माणसं डोळे गमावून बसलीत. आणि एखादा बार अगदीच फुसका वाटला, तर पुढचा काढायचाच नाही. थांबायचं, बंदूक रिकामी करायची, नळी आरपार मोकळी आहे का बघायचं. गोळी आत अडकलेली असली आणि वरून दुसरी झाडली, तर नळी फाटते."

मी गप्प राहिलो. वर्गात एखाद्याचा बार फुसका गेला की आपण काय करतो? "पुन्हा सांग, मोठ्याने," असे म्हणतो. आत काय अडकले आहे ते न बघता दुसरा बार भरायला लावतो.

तेव्हा त्याने ती गोष्ट सांगितली. अकरावीत असताना त्याने महाविद्यालयातल्या वक्तृत्व स्पर्धेत भाग घेतला होता. भाषण सात मिनिटांचे तयार केले होते. आयत्या वेळी वेळ चार मिनिटांवर आली. काय गाळावे ते त्याला सुचेना, मध्येच तो अडखळला आणि खाली उतरला. परीक्षक मी होतो. बाहेर पडताना मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून हसत म्हणालो होतो, "काय रे, बार फुसका निघाला!" त्यानंतर तो कधी व्यासपीठावर चढला नाही. हे सांगताना त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. "गंमत म्हणून आठवलं, सर," तो म्हणाला.

मला ते आठवत नाही. खूप प्रयत्न केला, तरी आठवत नाही. हेच मला जास्त लागले. आबांच्या गोष्टीत मी निदान साक्षीदार होतो, काहीसा अपराधीही. काकांचे हसणे मी तीस वर्षे मनात धरून ठेवले होते. तेच हसणे, तोच शब्द, मी स्वतः एका सोळा वर्षांच्या मुलाला दिला आणि विसरून गेलो. सात मिनिटांच्या नळीतला वेग चार मिनिटांच्या नळीत मागितला, आणि दोष मुलाच्या नावावर लावला.

सत्रान्ताच्या उत्तरपत्रिका तपासताना समासात 'अभ्यास कमी' असे लिहिण्याची मला सवय आहे. आपल्यापैकी पुष्कळांना असेल. या वेळी प्रत्येक ठिकाणी हात थबकला. मुलगा पहाटे उसाच्या फडावर जाऊन आला असेल, प्रश्नाची भाषा त्याला कळली नसेल, किंवा खरोखरच अभ्यास कमी असेल. तेही कारण असतेच. फक्त ते पहिले नसावे. सत्तर उत्तरपत्रिकांमागे प्रत्येकाची चौकशी करणे शक्य नाही, हे मला कळते. मी सात मुलांना बोलावले. चौघे आले.

फोन ठेवण्यापूर्वी मी त्याला विचारले, "मग शेवटी काय केलंस? वेग वाढला का?"

"नाही, सर. माझ्या नळीचा वेग एवढाच आहे. मी दर्शक तेवढे वर घेतले. आता गोळी जिथे पाहिजे तिथे जाते."

आबांच्या बंदुकीला नवा कान बसवायला एका कारागिराचा अर्धा दिवस लागला असता. कोरडी दारू भरून एक बार काढून पाहायला एक सकाळ पुरली असती. तेवढे कोणी केले असते, तर पुढच्या चार श्रावणांत पोथी आबांनीच वाचली असती.